निळ्या फरशीखालचा झरा

आमच्या गावचा झरा आटला तो माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जी फुशारकी मारणार आहे ती तुम्ही निमूट ऐकून घ्याल.

बेडसे लेण्यांच्या डोंगराखाली आमचं गाव आणि पायथ्याला झऱ्याचं दगडी कुंड. रीत अशी की चैत्रात कुंड उपसायचं आणि त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुनेनं आत उतरून झऱ्याच्या तोंडातला गाळ हातानं काढायचा. मीही काढला. हातात हिरवा चुडा आणि कोपरापर्यंत चिखल! बोटांना एकदम गार पाणी लागलं आणि मी किंचाळले. काठावरच्या बाया हसून हसून लोळल्या.

लेणी बघून उतरणारे लोक पाणी मागायचे. पाण्यासोबत मी पिठलं-भाकरी द्यायला लागले. मग शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांगच लागली. जेवायला माणसं तुटून पडायची, पण कुंडाकाठी फोटो काढताना नाक मुरडायची, तळाला गाळ दिसतो म्हणून. मला ते फार लागलं. पूर्वी लोणावळ्याला एका बंगल्यावर कामाला जायचे, तिथला निळाशार पोहायचा तलाव डोळ्यासमोर होता. ग्रामसभेत उठून मीच म्हणाले, "आपल्या कुंडाला बी तसली निळी फरशी घाला." टाळ्या पडल्या हो! दरवर्षी उपसायची कटकट गेली म्हणून सगळे खूश. रीतही तिथंच बंद पडली.

पहिलं वर्ष पावसाच्या पाण्यावर निभावलं. दुसऱ्या उन्हाळ्यात कुंड ठणठणीत कोरडं. कुणी म्हणे पाऊस कमी, कुणी म्हणे बोअरनी पाणी ओढलं. सरपंच टँकर मागवायला निघाले. टँकरच्या पाण्यावर मी पाहुण्यांना जेवू घालू? त्यापेक्षा चूल मोडून टाकीन. मी म्हटलं, "फरशी फोडा. झऱ्याचं तोंड बुजलंय."

"मावशी, नवीकोरी फरशी हाय. कुटं फोडायची? सगळीच?" सरपंच हसले. त्यांच्यासोबतचे गडीही हसले. हसणारच! त्यांनी कधी आत हात घातला होता?

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बायकांना बोलवा. एकेकीला उतरवा, बाकीच्यांनी पाठ करून उभं ऱ्हायचं. तोंड जितं हाय तितं जिनं तिनं पाय ठेवायचा."

आधी माझी जाऊ उतरली. मग शेजारीण. मग गावातली सगळ्यात म्हातारी आजी, जिला धड दिसतही नाही. दोघींनी धरून उतरवली, तर सरळ चालत गेली आणि उभी राहिली. शेवटी मी. चौघींचा पाय एकाच फरशीवर! सरपंचांचं हसू कुठल्या कुठं पळालं.

"आना पहार," ते म्हणाले. पहिला घाव मी कुणाला घालू देते! फरशी फुटली. खालचं सिमेंट फोडता फोडता गड्यांची दुपार झाली. आणि खाली काय, तर नुसता वाळका गाळ. पाणी नसलंच तर गावात तोंड कसं दाखवायचं?

माझी सून काठावर उभी होती. फरशी बसल्यावर घरात आलेली, तिच्या वाट्याला ती रीत आलीच नव्हती. म्हटलं, "उतर. घाल हात." तिनं पदर खोचला, खांद्यापर्यंत हात घातला, गाळाचे गोळे भराभर बाहेर फेकले. आणि किंचाळली.

"आत्या! गार लागतंय!"

मी रडले. सगळ्यांदेखत, मोठ्यानं रडले, लाजले नाही. आधी गढूळ आलं, मग निवळ. दिवस मावळायच्या आत हंडा बुडेल एवढं पाणी साचलं. तो पहिला हंडा सरपंचांनी भरला, स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि सगळ्या गावादेखत माझ्या चुलीपाशी आणून ठेवला. आमच्या गावात पुरुषाच्या डोक्यावर हंडा मी तोवर पाहिला नव्हता.