लेकीच्या घरचं पाणी

पाहुण्यांना जेवायला घालायचं मला कधी दडपण आलं नाही. केजला आमचं कापडाचं दुकान आहे. लग्नसराईत बस्ता बांधायला आलेली अख्खी खटली मी पिठलं-भाकरीवर काढली आहेत. पण दोन म्हाताऱ्या माणसांच्या एका साध्या जेवणासाठी मी आठ दिवस आधी कागद-पेन घेऊन बसले होते. ती दोन माणसं म्हणजे माझे आईवडील. माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि तोवर त्यांनी माझ्या घरी एक घास खाल्ला नव्हता.

आमच्याकडची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. बहुतेकींची वर्ष-दोन वर्षांत सुटका होते. मला मूल झालं नाही. दवाखाने झाले, नारायणगडाला नवस झाला, शेवटी आम्ही दोघांनी तो विषय गुंडाळून ठेवला. रीत मात्र कुणी गुंडाळली नाही. माहेर शिरूर कासारकडं. तिथून बीडला गाडी बदलून केजला यायचं म्हणजे निम्मा दिवस जातो. वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, आणि माय घरून पाण्याची बाटली न्‌ फडक्यात भाकरी बांधून यायचे. माझ्या बैठकीत बसून स्वतःची भाकरी खायचे, ख्यालीखुशाली विचारायचे आणि चारच्या गाडीनं परत. म्हाताऱ्यांना एसटी फुकट झाली तसे फेरे वाढले, पण भाकरी घरचीच. मी आत ओट्यापाशी उभी राहून कुढत असायची. शेजारीण विचारायची, आईबाप आलेत, काय केलं गं? मी खुशाल थाप मारायची, पुरणाचं केलं म्हणून.

त्या वर्षी भाऊबीजेला माझं डोकं फिरलं. वहिनीनं ताट वाढलं आणि मी म्हणाले, "मी न्हाई जेवणार. ज्यांना माझ्या घरचं पाणी चालत न्हाई, त्यांच्या घरचं मला कावून चालावं?" भावाला ओवाळलं आणि पाण्याचा थेंब न घेता उठले. दादा ओसरीवर तोंड फिरवून बसून राहिले. बीडच्या स्टँडवर येईपर्यंत मला रडू आवरेना. सणाच्या दिवशी म्हाताऱ्या बापाला असं बोलले म्हणून रडू येत होतं, आणि बोलले ते खरंच होतं म्हणूनही.

वीसेक दिवसांनी मायचा फोन आला. "येत्या आयतवारी येतो आमी. मुक्कामाला. दादा जेवीन म्हणतेत." मी फोन ठेवला आणि कागद-पेन शोधायला लागले.

मग सुरू झाला तो कागद. पुरणपोळी पहिली लिहिली आणि पहिली खोडली, कारण दादांना साखर. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे लिहिले, पण ते तिखट हवेत आणि तिखट मायला सोसत नाही. शेंगदाण्याची चटणी दातांत अडकते, आणि दोघांचे मिळून दात दहा-बारा. भात नुसता वाढला तर दादा म्हणतील आजाऱ्याचं जेवण. "हॉटेलातनं पनीर आणू का?" असं आमच्या ह्यांनी विचारलं. मी नुसतं बघितलं, तसे ते दुकानाची किल्ली घेऊन निघाले. जाता जाता म्हणाले, "लग्नाचा बस्ता ह्याच्यापेक्षा लवकर बांधून होतो."

कागदावर काही सुचेना तेव्हा मी डोळे मिटून दादांना जेवताना आठवायला लागले, आणि मला दादा वाढतानाच दिसले. गावात कुणाचंही लग्न असो, आमटीची बादली दादांकडं. येसराची आमटी, म्हणजे धान्य न्‌ मसाले भाजून दळलेल्या पिठाची. तिचा वास वेशीपर्यंत यायचा. दादा धोतराचा काचा मारून पंगतीतून पळायचे. कुणाची वाटी रिकामी आहे हे त्यांना मान न वळवता कळायचं. मी परकर सावरत मागं मागं. सगळं गाव जेवल्यावर ते चुलवणाशेजारी उकिडवे बसायचे आणि तळाची दाट आमटी भाकरी कुस्करून खायचे. काय ते दिवस होते! त्या चुलवणाच्या उबेला मी कितीदा तिथंच झोपी गेलेय.

झालं, ठरलं. येसराची आमटी, ज्वारीची मऊसूत भाकरी, वांग्याचं भरीत, लोणी, आणि शेवटी गव्हल्याची खीर, दादांची बिनसाखरेची. गव्हले म्हणजे रव्याच्या पिठाचे तांदळाएवढे दाणे, बोटांनी एकेक वळायचे. दात नसले तरी चालतं. तीन दुपारी मी ते वळत बसले. जेवण साधंच, पण लेकीनं जीव ओतलाय हे आंधळ्यालाही कळावं असं.

रविवारी दिवस मावळायच्या आत ताटं मांडली. गुडघ्यांमुळं दोघांना खाली बसवत नाही, म्हणून टेबलावर. दादांनी हात धुतले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मी आमटीचं पातेलं घेऊन बाहेर आले, तर माय पिशवीतून भाकरीचं फडकं काढत होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग आलात कशाला?" म्हणाले आणि पातेल्यासकट परत आत गेले. हे "अगं, अगं" करत राहिले. माय भिंतीला धरत धरत माझ्यामागं आत आली.

"तुझ्यासाठी हाय ती," माय म्हणाली. "तू आमच्या घरचं खात न्हाईस ना आता? दादा म्हणले, भाऊबीजेला लेक दारातनं उपाशी गेली. आदी तिनं खावं, मग मी जेवीन. सकाळधरनं चुलीपशी बसलते, भाकर करपू दिऊ नको म्हणत."

मी बाहेर आले, फडकं सोडलं आणि दादांच्या समोर उभ्यानंच भाकरीचा तुकडा मोडला. घास गिळेपर्यंत ते माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी पेला उचलला आणि माझ्या घरचं पाणी गटागटा प्याले. काही पाणी सदऱ्यावर सांडलं. मग भाकरी कुस्करली, आमटी ओतून घेतली. दोन घास झाल्यावर म्हणाले, "मीठ कमी हाय, बाई."

माझ्या स्वयंपाकाला कुणी नाव ठेवलं आणि मला इतका आनंद झाला, असं एवढं एकदाच. मीठ घेऊन आले तर दादा मान खाली घालून बसलेले. "लई उशीर केला आमी," म्हणाले. मायनं खिरीची वाटी दुसऱ्यांदा पुढं केली.

त्यानंतर दादा दोनदाच आले. एकदा पावसाळ्यात, तेव्हा शेंगोळे केले आणि तिखट झाले म्हणून मायनं मला झापलं. एकदा दवाखान्यातून थेट, तेव्हा नुसती खीर, तीही मी चमच्यानं भरवली. पुढच्या महिन्यात दादा गेले. बाकीच्या लेकींना बापाची जेवणं आठवत नाहीत, इतकी असतात ती. माझी तीन आहेत. घासन्‌घास तोंडपाठ आहे. मला चौथं पाहिजे होतं.