दुधाचा दात दुधातच

“दुधाचा दात दुधातच आणायचा. थंड दुधात. कळलं?” मॅडम बोट उगारून हे सांगायच्या, तेव्हा समोरच्या आयांना आधी हसू यायचं. मग मॅडमचा चेहरा पाहून त्या घाईघाईने मान हलवायच्या.

नाशिकच्या एका दंत महाविद्यालयात मॅडम आणि मी एकाच मजल्यावर शिकवत होतो. मी शरीररचना शिकवायचो, म्हणजे मेलेल्यांचा माणूस. मॅडम जिवंताच्या मागे. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. पडलेल्या दाताच्या आतल्या मऊ गरात मूळपेशी सापडतात, त्यांच्यापासून शरीरातलं मोडलेलं काही पुन्हा घडवता येईल, अशा बातम्या तेव्हा नुकत्याच येऊ लागल्या होत्या. आम्ही बाकीचे त्या वाचून चहाला जायचो. मॅडमनी अडगळीची खोली रिकामी करून घेतली, पेशी वाढवायला इनक्युबेटर मिळवला आणि गावभर दात मागत सुटल्या.

दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर भिरकावणारे आपण लोक. तो दुधात घालून कॉलेजात आणा, हे कुणाच्या गळी उतरायला? एका बाईंनी स्वच्छतेपायी तो चांगला उकळून आणला. हरसूलच्या एक आजी तर भर मे महिन्यात एसटीने आल्या आणि डब्यातून निघालं घट्ट दही. “वाटंत दूध नासलं असतं ना बाई, म्हणून इरजण लावलं,” आजी म्हणाल्या. मला हसू आवरेना. मॅडमनी मला डोळ्यांनीच दटावलं, चमच्याने दह्यातला दात अलगद काढून घेतला आणि आजींचे आभार मानले.

आजी गेल्यावर मी विचारलं, “या दाताचा आता काय उपयोग?”

“दाताचा काही नाही. आजींचा आहे. आता त्या हरसूलभर सांगतील.”

आणि त्यांनी सांगितलंही. पुढे हरसूलहून दात येत राहिले, दुधातले.

लोक विचारायचे, यातून नवं मूत्रपिंड होतं का हो? नवं हृदय? मॅडमचं उत्तर ठरलेलं: “अजून नाही.” एकदा भर समारंभात प्राचार्य पाहुण्यांसमोर अशीच बढाई मारू लागले, तर त्यांनाही मॅडमनी हेच ऐकवलं. प्राचार्यांचा चेहरा पडला. मला मात्र त्या दिवशी मॅडमचा फार अभिमान वाटला.

मग एका सकाळी देवळाली कॅम्पहून एक बाई आल्या. सोबत सहा-सात वर्षांची मुलगी, हातात दुधाचा डबा. नवरा तोफखान्यात होता. सरावाच्या वेळी गाडी उलटली आणि कमरेखालचं अंग गेलं.

“आजच पडला, मॅडम. यातून नवी नस उगवती म्हणे. मी ह्यांना सांगून ठिवलंय, तुम्ही चालणार म्हणून.”

मुलगी पुढे झाली आणि तिने मोठा आ केला. “बाकीचे पण काढा. बाबांना लागतील.”

मॅडमनी तिच्या हनुवटीला बोट लावून हळूच तोंड मिटवलं. “जो हलत नाही तो काढायचा नसतो, बाळा.” मग त्या आईकडे वळल्या. पहिल्यांदाच त्यांना आपलं ठरलेलं उत्तर देताना जड गेलं. “अजून नाही हो. कधी जमेल, तेही मला माहीत नाही.”

बाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मग तुम्हीच सांगा त्यांना. माझ्याच्यानं नाय होणार.”

त्यांच्या जागी मी असतो तर काहीतरी सबब काढली असती. मॅडम दुसऱ्या दिवशी बसने देवळालीला गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, “त्यांनी विचारलं, मग तुमच्याकडे आहे तरी काय? मी म्हटलं, येऊन बघा.”

मॅडम जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या संशोधनाचं पुढे काय झालं, असं कुणी विचारलं की मला धड सांगता येत नाही. मी फक्त त्या मुलीचे वडील आले ती दुपार सांगतो.

मुलीच्या दातातल्या पेशी तोवर चांगल्या वाढल्या होत्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. आम्ही चौघांनी त्यांना चाकाच्या खुर्चीसकट वर नेलं. मागून बायको आणि मुलगी. ते मायक्रोस्कोपवर वाकले आणि त्यांनी भिंगाला डोळा लावला.

“जिवंत आहेत?”

“हो.”

“हलतात?”

“हलतात, पण फार हळू. आपल्याला दिसत नाही.”

“माझ्या कामी येतील?”

मॅडम त्यांच्या खुर्चीशी खाली बसल्या. “नाही. तुमच्या नाही.”

त्यांनी मान हलवली, पण डोळा काही काढला नाही. “कुणाच्या तरी कामी येऊ द्या, मॅडम.”

मुलगी बाही ओढू लागली तसं त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं. ती अवघडून बसली. “बाबा, दुखतंय?”

“त्या पायांना काही कळत नाही. तू बस निवांत,” ते म्हणाले, आणि चक्क हसले.

मुलीने श्वास रोखून आत पाहिलं. “ही मी आहे?”

पुराव्याशिवाय कधी कशाला हो न म्हणणाऱ्या आमच्या मॅडम लगेच म्हणाल्या, “हो. तूच.” आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी पदराने डोळे पुसले.