बाराव्या पॅनेलची घाई

वेरा नदीकाठच्या त्या लहानशा जर्मन गावात कौलांवर सोलर बसवावं ते एकहार्ट ब्रोमेलनंच, असं सव्वीस वर्षं चालत आलेलं. दुकानाच्या भिंतीवर मास्टरचं, म्हणजे उस्ताद कारागिराचं, प्रमाणपत्र टांगलेलं. रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन तो खिडकीशी उभा राहायचा आणि समोरच्या भाडेकरूंच्या इमारतीतल्या बाल्कन्यांवरची पॅनेलं मोजायचा. गेल्या सोमवारी नऊ होती, या सोमवारी अकरा. सगळी वेंकेनं लावलेली.

वेंके त्याच्याच हाताखाली शिकलेली. "मास्टर, बाल्कनीतली पॅनेलं पण ठेवूया की आपण," असं तिनं म्हटलं तेव्हा तो हसला होता. "टोस्टरसारखा घरातल्या सॉकेटात प्लग खुपसायचा, त्याला काय सोलर म्हणतात?" तिनं नोकरी सोडून स्वतःचं दुकान थाटलं. इकडे कौलांची कामं आटली. प्लगवालं काम घेतलं नाही तर हिवाळ्यात दुकानाला कुलूप, हे त्याला कळत होतं. पण वेंकेच्या मागून जायचं?

शनिवारी तो आईकडे केक खायला गेला, तर तिच्याही बाल्कनीत पॅनेल!

"आई, हे कुणी लावलं?"

"वेंकेनं. काय गुणी पोरगी! दुपारची शांततेची वेळ, आवाज करायचा नाही ती, संपेपर्यंत खाली गाडीत बसून राहिली."

"मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं दोन वर्षांपूर्वी. तू म्हणालास, आई, तुला छप्पर कुठंय?" तिनं त्याच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा सरकवला. "खा. चेहरा बघ कसा आंबलाय."

त्यानं पॅनेलचे हूक ओढून, हलवून पाहिले. चूक सापडेना. ते जास्तच झोंबलं.

सोमवारपर्यंत त्याला धीर निघेना. गल्लीत बारावं पॅनेल दिसेल ते आपलंच, या हट्टानं रविवारी सकाळीच त्यानं दुकानावरच्या बाल्कनीत भिंतीला ड्रिल लावलं. दुसरं भोक पडेपर्यंत समोरची सगळी दारं उघडली.

"ब्रोमेलसाहेब, आज रविवार आहे! ड्रिलला बंदी असते!"

"मास्टरांच्या कॅलेंडरात रविवार नसतो वाटतं!"

त्याच वेळी बेकरीतून गरम पाव घेऊन वेंके सायकलवरून चाललेली. तिनं मान वर केली. "मास्टर, भोकं कशाला? हे कठड्याला नुसतं अडकवायचं असतं!"

बाल्कन्या खदाखदा हसल्या. कौलांवर पॅनेलं बसवणारा हात, सवयीनं ड्रिलकडेच गेला होता. तो तसाच धुळीच्या हातांनी खाली उतरला.

"किती लावलीस आजवर?"

"एकशे चाळीस."

त्यानं मनात नव्वद धरली होती.

"उद्या आठला येशील? मला... दुकानाला हे शिकायचंय."

"येते की. पण आधी ती भोकं बुजवा. आज नाही हं, उद्या!"

ती पायडल मारणार, तोच त्यानं विचारलं, "आईकडचे हूक कुठून आणलेस?"

"मीच वाकवले."

"बरे आहेत," तो म्हणाला, दात उपटून घेतल्यासारखं तोंड करून.