एकशे बेचाळीस नंबरचा लाल

रंगाच्या बाबतीत माझ्या व्याह्यांचं समाधान करील असा माणूस अजून जन्माला आलेला नाही, आणि आलाच तर ते त्याच्या बारशाला जाऊन पाळण्याच्या रंगात खोट काढतील. हे मी रागाने म्हणत नाही. म्हणजे थोडं रागानेही म्हणतो. माझं मलकपेठेत रंगाचं दुकान आहे. देगलूरकडची शेती भावाच्या हवाली करून हैदराबादेत आलो तेव्हा मी काचीगुड्याला दुसऱ्याच्या दुकानात डबे उचलत होतो; आज माझ्या दुकानात मशीनवर हजार तऱ्हेचे रंग तयार होतात. बिल्डर असो की मंगल कार्यालयाचा मालक, माझ्याशी घासाघीस करून कोणी जिंकून गेलेला नाही. फक्त एकच माणूस माझ्या दुकानातून काही न घेता गेला, तो हा. माझ्या मुलीच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी घर रंगवायला काढलं. जामबागेतल्या एका शाळेत जन्मभर चित्रकला शिकवलेला माणूस! तीन दिवस माझ्याकडे बसून, चौदा पिवळे रंग उघडायला लावून, माझा चहा पिऊन शेवटी म्हणाले, "शेठ, तुमचा पिवळा खोटं बोलतो." आणि समोरच्या दुकानातून रंग घेऊन गेले. समोरच्या! मला गल्ल्यावरून दिसेल असा डबा उचलून! माझी मुलगी त्याच भिंतींत नांदते. मी तिथे जेवायला जातो तेव्हा ताटाकडे बघून जेवतो, भिंतीकडे बघत नाही.

ते स्वतः मात्र कायम पांढरे. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी. रंगाच्या माणसाने अंगावर रंग घालू नये, नाहीतर नजर बिघडते, असं त्यांचं शास्त्र. कोठीच्या मंडईत भाजीवाल्याने "लाल टमाटे" असा पुकारा केला की ते थांबून विचारणार, "लाल म्हणजे कोणता लाल?" एकदा वैतागून भाजीवाला म्हणाला, "साब, खाने के हैं, घर को लगाने के नै." हे त्यांना इतकं आवडलं की त्यांनी दोन किलो घेतले, आणि भाव न करता घेतले, जे पाहून माझ्या पोटात दुखलं. राज्याची वाटणी झाली त्या वर्षी सगळं शहर नव्या पाट्या आणि नव्या नंबरप्लेटी रंगवण्यात गुंतलं होतं. माझ्या धंद्याची चांदी होती. व्याही म्हणाले, "शेठ, मी गल्ली बदलली नाही आणि हे माझं चौथं राज्य. निजामाचं पाहिलं, हैदराबाद पाहिलं, आंध्र पाहिलं. आता पाचवं करायचं झालं तर झेंडा आधी मला दाखवा म्हणावं."

या माणसाला त्याच्या तीन वर्षं आधी प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. किरणांचा शेक घेतला, बरे झाले, आणि आम्ही सगळे ते विसरलो. मग एका सकाळी ते दुकानात आले आणि म्हणाले, "शेडकार्ड दाखवा." मला वाटलं, शेवटी शहाणपण आलं. मी मोठं कार्ड काढलं, चहा मागवला. त्यांनी पिवळ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लालाचं पान उघडून चष्मा वर केला, बोट फिरवत फिरवत एका चौकोनावर ठेवलं.

"हा. एकशे अडतीस."

"स्वयंपाकघराला?"

"नाही. आज सकाळी असा झाला."

"काय झाला?"

"लघवीचा रंग," ते म्हणाले. "काल थोडा फिका होता. एकशे पस्तीस."

मी आलेला चहा बाजूला सारला. त्यांचं सगळं ठरलेलं होतं. घरी सांगायचं नाही. विहीणबाईंना रक्तदाब, आणि सूनबाई, म्हणजे माझीच मुलगी, सहाव्या महिन्यात. मुलगा सरकारी नोकरीत. त्याला या राज्यात ठेवतात की त्या राज्यात पाठवतात याच्या यादीने त्याची झोप आधीच उडालेली. मी विचारलं, "मग मलाच का सांगता?" तर म्हणाले, "तुमचं माझ्यावर फारसं प्रेम नाही, शेठ. तुम्ही रडणार नाही." यावर चिडावं की काय करावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डॉक्टरांकडे मी घेऊन गेलो. त्यांनी आत दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं की कॅन्सर परतलेला नाही. शेकाने मूत्राशयाचं आतलं अस्तर नाजूक झालं आहे, त्यातल्या बारीक शिरा फुटतात. "समझो, पुरानी दीवार का चूना झड़रा," ते म्हणाले. हे मला एकदम पटलं. भिंतीच्या भाषेत बोललं की मला कळतं. मग त्यांनी विचारलं, "कलर लाइट रेड रहता या डार्क रेड?" व्याह्यांचा चेहरा असा झाला जणू त्यांच्या कुळाचा अपमान झाला. "डॉक्टरसाब, लाइट रेड नावाचा रंग जगात नाही." मी पिशवीतून शेडकार्ड काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले, मग पेन काढून त्यांनी एकशे बेचाळीसखाली रेघ मारली. "इसके नीचे, मतलब और गहरा गया, खून की गुठली आई, या पेशाब बंद हुआ, तो उसी वक्त आना. सोचना नक्को, सीधा आना." शिवाय रोज तीन लिटर पाणी. व्याही एक लिटर म्हणाले. मी मध्ये पडलो आणि पावणेतीनावर सौदा पटवला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "शेठ, दोन राज्यं नदीच्या पाण्यावरून भांडतायत, त्यांची वाटणी होईल एखाद्या दिवशी. माझं पाणी आणि रक्त कोण वेगळं करणार?" आणि स्वतःच इतके हसले की रिक्षावालाही हसू लागला. कशाला हसतोय हे त्याला कळलं नव्हतं, हे बरं.

त्या दिवसापासून दुकानातला फोन रोज सकाळी दहाला वाजायचा. त्या वेळी विहीणबाई देवळात असत आणि माझी मुलगी आंघोळीला. "एकशे छत्तीस." "छान. पाणी?" "चार तांबे." "अजून दोन घ्या." दुसऱ्या दिवशी, "एकशे चाळीस." "काल काय उचललंत?" "कुंडी." "कुंडी कशाला उचलता? सांगितलं होतं ना, जोर करायचा नाही! माळ्याला सांगा!" मी ओरडायचो, ते शांतपणे फोन ठेवायचे. वीस वर्षं माझ्याकडे असलेल्या मॅनेजरला वाटलं, घर पुन्हा रंगवायला काढलंय. "आखिर समधी साब मान गए," तो सगळ्यांना सांगत सुटला. मी त्याला खरं सांगितलं नाही. गुपित राखायचं होतं हे एक, आणि व्याही वळले ही बातमी समोरच्या दुकानदाराच्या कानावर जात होती हे दुसरं.

मुलीच्या डोहाळजेवणाला तर गंमतच झाली. उभ्या जन्मात पांढऱ्याखेरीज काही न घातलेले व्याही लालभडक कुर्ता आणि तसलाच पायजमा घालून आले. बायकांनी कौतुक केलं, "सर, किती तरुण दिसता!" ते लाजले. डाग पडला तर दिसू नये म्हणून तो रंग होता, हे त्या मांडवात दोघांनाच ठाऊक होतं. मी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ते हळूच म्हणाले, "विटकरीकडे झुकतो, नाही?" मी म्हटलं, "पाणी प्या."

आणि मग तो दिवस आला. परवान्यावर नव्या राज्याचं नाव घालून घ्यायला मी सकाळीच कचेरीत गेलो होतो. दहाला फोन वाजला आणि तो मॅनेजरने उचलला. व्याह्यांना वाटलं, मी त्याला सगळं सांगून ठेवलं असणार. पुढचं मला मॅनेजरने नंतर शब्दन् शब्द सांगितलं, कान पकडून.

"एक सौ अड़तालीस," व्याही म्हणाले.

"जी साब. कित्ता होना?"

म्हणजे किती पाहिजे. व्याह्यांनी त्या खरखरीत फोनवर ऐकलं, कित्ता हुआ. "पाव लीटर हुआ होगा. गुठलियां भी हैं."

"गुठली? अपने माल में गुठली कबी नै आती साब!"

"और दो घंटे से बंद है."

आता त्या दिवसांत या शहरात बंद म्हणजे एकच. आज या पक्षाचा, उद्या त्या संघटनेचा. मॅनेजर म्हणाला, "बंद तो कल है साब, आज पूरा मार्केट खुल्ला है. फिकर नक्को करो, अब्बी भेजतूं."

"भेजतूं" ऐकून व्याह्यांना वाटलं, गाडी येतेय. पोट दगडासारखं झालेलं, कपाळाला घाम, आणि हा माणूस बाहेर जायची टोपी घालून खुर्चीत शांत बसून राहिला. आला तो ऑटो, आणि ऑटोत एकशे अठ्ठेचाळीस नंबरचा पाव लिटरचा डबा. दार माझ्या मुलीने उघडलं. झाकणावर रंगाचा ठिपका असतो. तो तिने पाहिला. सासऱ्यांना विचारायला वळली तर ते वाकून म्हणाले, "गाडी आली का?" मग तिने मोरीत पाहिलं. कचेरीच्या रांगेत माझा मोबाईल वाजला.

"अप्पा, मामंजींनी रक्तासारखा रंग मागवलाय आणि मोरीत तोच रंग आहे. तुम्हाला जे माहीत आहे ते आत्ता सांगा."

मी जन्मभर समोरच्याला पहिल्या बोलीत कधी काही दिलं नाही. त्या दिवशी एका दमात सगळं देऊन टाकलं. तिने तोच ऑटो थांबवून ठेवला होता. त्याच ऑटोत, त्याच डब्यासकट, सातव्या महिन्यातल्या माझ्या पोरीने सासऱ्यांना दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा नळी घातली होती. एकीकडून पाणी आत जात होतं, दुसरीकडून लाल बाहेर येत होतं. आतल्या गाठी धुऊन निघाल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

मुलीने आम्हा दोघांना उभं-आडवं घेतलं. "मला त्रास नको म्हणून लपवलं? आता मला फार सुख झालंय का? बाळाला काय सांगू, तुझे दोन आजे नंबरात बोलत होते म्हणून?" मी मान खाली घातली. बारीक आवाजात व्याही खाटेवरून म्हणाले, "नंबर मात्र बरोबर होता. डबा पाहिला मी. शेठ, तुमच्या माणसाने तंतोतंत रंग लावलाय." मुलगी रडता रडता हसली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ते मला म्हणाले होते, तुम्ही रडणार नाही. शब्द पाळायला पाठ फिरवावी लागली.

पुढे डॉक्टरांनी प्राणवायूच्या बंद टाकीत बसायला सांगितलं. दाबाखालच्या शुद्ध हवेने आतलं अस्तर सुधारतं म्हणे. आत जाताना अंगावर फक्त सुती कपडा, केसांना तेलाचा थेंबही नाही. व्याह्यांनी कॅन्सर सोसला, नळी सोसली, पण डोक्याला तेल नाही म्हटल्यावर ते खचले. टाकीच्या काचेतून ते चाळीस दिवस मला खुणा करत राहिले. मला वाटायचं, जीव घाबरला असेल. बाहेर आल्यावर कळायचं की आतल्या पत्र्याचा हिरवा त्यांना सहन होत नाही. रंग उतरत गेला. एकशे एकोणचाळीस, छत्तीस, बत्तीस; मग कार्डावर नसलेले गुलाबी, ज्यांना त्यांनी स्वतः नावं दिली. नात झाली त्याच आठवड्यात एका सकाळी फोन आला. आधी नातीच्या गालांचा रंग सांगत बसले. मी ओरडलो, "अहो, नंबर!" तेव्हा म्हणाले, "आज रंगच नाही, शेठ."

डॉक्टर म्हणतात, पुन्हा होऊ शकतं, लक्ष ठेवा. लक्ष आता माझी मुलगी ठेवते, माझ्यापेक्षा कडक. व्याही म्हणाले, "आता मी फोन केला नाही तर बरं समजा." ते बरोबरच आहे. त्यांच्याशी बोलायला मला दुसरा विषय कधी नव्हता, आणि जो होता तो परत यावा असं कोण म्हणेल? दहाला दुकानातला फोन वाजला की हातातलं गिऱ्हाईक सोडून मी धावत तो उचलतो. मग पलीकडून कुणीतरी डिस्टेंपरचा भाव विचारतो आणि मला इतकं हलकं वाटतं की पहिल्याच बोलीला मी हो म्हणून टाकतो. मॅनेजर कपाळाला हात लावतो. ज्या दिवशी वाजत नाही, त्या दिवशी सव्वादहापर्यंत मी तिथेच बसून असतो. "किसका इंतजार है सेठ?" तो विचारतो.

"किसी का नै," मी म्हणतो, आणि गिऱ्हाइकांकडे वळतो.