कानाची कड

कुत्रं समोर आलं की बाई आधी खाली बसायच्या. त्याच्या कानाची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हलकेच चोळायच्या, पण नजर असायची मागच्या पायावर. तो पाय आपोआप हवेत खाजवायला लागला की त्यांचा चेहरा खुलायचा.

"वाजली बघ घंटी! खरूज हाय."

दुसऱ्याच्या खरजेवर इतकं खूश होणारं माणूस तुम्ही पाहिलं नसेल. मीही त्यांच्याआधी पाहिलं नव्हतं.

आमच्या बिरवाडीतल्या जनावरांच्या दवाखान्यात त्या पशुधन पर्यवेक्षक होत्या. एवढं लांब कोण म्हणणार? सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचे. "डॉक्टर नाय मी," असं त्या रोज सांगायच्या, आणि लोक रोज विसरायचे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. स्कूटीच्या डिकीत सुया, साबण आणि फडक्यात बांधलेली भाकरी एकत्र नांदायची.

आमची त्यांच्याशी गाठ पडली ती सुपरवायझरमुळे. सुपरवायझर म्हणजे आमच्या चाळीतला तांबडा कुत्रा. पहिल्या पाळीच्या कामगारांना बसपर्यंत पोचवायचा आणि दुपारी त्यांनाच आणायला जायचा. एकही खाडा नाही. त्याचे केस जायला लागले. आधी कानांच्या कडा, मग कोपरं, मग पोट. कातडी जाड, राखाडी झाली. दिवसभर खाजवून अंग रक्ताळायचं. कोणी तरी दया येऊन त्याला मशीनचं जळकं ऑईल चोपडलं. आमच्याकडे खरजेवर हाच इलाज. गावाला लागून असलेल्या कंपन्यांमुळे ऑईलला तोटा नाही.

मग चाळीतल्या दोन पोरांच्या हातांवर पुरळ उठलं आणि चाळमालक काकांनी निकाल दिला. "रविवारी टेम्पो पोलादपूरला चाललाय. ह्याला घाटात सोडून येऊ."

माझं रक्त तापलं. माझे वडील युनियनचे. आमच्या घरात मी अक्षरं शिकले तीच पत्रकांवर. बिरवाडीत कोणाच्याही अंगाला खाज सुटली की बोट कंपनीकडे जातं, तसं माझंही गेलं. एका बैठकीत पत्रक लिहिलं: 'मुक्या जिवांची कातडी सोलणारं सांडपाणी!' दोनशे प्रती काढल्या आणि पहिली दवाखान्यात जाऊन बाईंच्या टेबलावर आपटली.

त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. "लिहितेस झकास. कुत्रं कुठं हाय?"

कुत्रं बाहेरच होतं. कान चोळला, पाय उडाला, घंटी वाजली. बाईंनी ब्लेडनं कातडीचा कोपरा खरवडला, काचेवर तेलाचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. पहिल्या काचेवर काही नाही. दुसऱ्या काचेवरही नाही. माझा धीर वाढत चालला. तिसऱ्या काचेला त्या बाजूला सरकल्या.

"ये गो, बघ. हा तुझा कारखानदार."

गोल, पारदर्शक, आखूड पायांचा एक किडा हळूहळू हलत होता. मी पाय मोजले. आठ.

"म्हणजे सांडपाणी स्वच्छ आहे का?" मी चिडून विचारलं.

"असं मी कधी म्हटलं? पाण्यासाठी भांड, मीपण येते. पण ह्या किड्याच्या जिवावर भांडलीस तर पहिल्या सभेतच तोंडावर पडशील. मग खऱ्या पाण्याचंही कोण ऐकणार नाय."

त्या दिवशी मला बाईंचा राग आला. आज सांगते, कोणत्याही पत्रकानं मला इतकं शिकवलं नाही.

शनिवारी त्या चाळीत आल्या. "भाऊ, एक महिना द्या," त्या काकांना म्हणाल्या.

"आणि नाय बरा झाला तर?"

"तर तुमच्या टेम्पोत ह्याच्या शेजारी मीपण बसते. सोडा दोघांना घाटात."

काका हसले आणि तिथंच हरले.

आधी साबणानं ऑईल काढलं. चाटून पोटात गेलं तर विष. मग वजन. "बैलाची सुई अंदाजानं कुत्र्याला टोचायची नाय, मरेल." भंगारवाल्याच्या काट्यावर आधी मी एकटी, मग सुपरवायझरला उचलून. माझं वजन बाईंनी अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं वाचलं. सुई दिली. पंधरा दिवसांनी दुसरी, पुन्हा पंधरा दिवसांनी तिसरी. त्याचं झोपायचं गोणपाट जाळलं. पोरांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. "आणि चाळीतली बाकीची चार कुत्रीही आण. एकाला औषध दिलं आणि चौघांना सोडलं, तर किडा त्यांच्याकडं पाहुणा म्हणून जाऊन परत येतो."

ती चार आणायला पत्रकच कामी आलं. उरलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर बाईंनी मजकूर सांगितला: कान चोळून बघा, ऑईल लावू नका, दवाखान्यात आणा. मी सवयीनं प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह दिलं.

"एवढ्या काठ्या कशाला उभ्या केल्यास गो? कुत्रं घाबरेल."

मी सगळी खोडली.

महिन्याच्या शेवटी सुपरवायझरच्या पाठीवर मऊ तांबूस लव आली. काकांनी चष्मा लावून ती पाहिली आणि घरातून दूधपाव आणला. टेम्पोचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त होऊन गावी गेल्या. निघाल्या त्या दिवशी सुपरवायझर स्टॉपपर्यंत सोबत होता. पोलादपूरची एसटी आली, कंडक्टर ओरडायला लागला, तरी बाई खाली बसल्या. कानाची कड चोळली, मागच्या पायाकडे पाहिलं. पाय जमिनीवर गप्प. बाईंनी मान डोलावली आणि बसमध्ये चढल्या.

आता चाळीत नवं कुत्रं आलं की काका स्वतः गुडघे धरत खाली बसतात आणि कान चोळतात. सुपरवायझर मात्र दुपारी कामगारांना घरी आणून सोडतो आणि पुन्हा एकटाच स्टॉपवर जातो. पोलादपूरची गाडी येऊन जाईपर्यंत बसून राहतो.

त्याच्या यादीत कोणाची तरी पाळी अजून सुटायची आहे.