बिनआंघोळीची तेजल

अंबरनाथच्या आमच्या चाळीत हर्षदाला पारोशी उंबऱ्याबाहेर पडताना कोणी पाहिलेलं नाही. मुलगी तेजल तर तिच्याहून चकाचक. त्यातून डॉक्टरकडे जायचं म्हणजे सणच! निरगुडीचा पाला टाकलेल्या कढत पाण्याने आंघोळ, तेल चोळणं, दोन वेण्या आणि मग दवाखाना.

आणि तिथेच सगळं फसत होतं!

सात वर्षांची तेजल सकाळी उठायची ती लाकडासारखी. गुडघे वाकायचे नाहीत, मोरीपर्यंत उचलून न्यावं लागायचं. पण त्या कढत पाण्याने सांधे सैल व्हायचे आणि पोरगी डॉक्टरसमोर ठणठणीत उभी! "वाढीचं दुखणं आहे," एक म्हणाला. गुडघ्याची सूज बघून दुसरा म्हणाला, "पडली असेल." शाळेतल्या बाईंच्या मते ही सगळी नाटकं. नवरा हेमंतही तेच म्हणायला लागला, तेव्हा मात्र हर्षदा ढसाढसा रडली. डावा पाय आखडतच चालला होता.

शेवटी औषधाच्या दुकानातल्या सम्यकने सांगितलं, उल्हासनगरला महिन्यातून एका शुक्रवारी मुंबईहून मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टर येतात. नंबर मिळाला भल्या सकाळचा. आणि नेमकं त्या शुक्रवारी आमच्याकडे पाणी बंद! पिंपात नुसता गाळ.

"वहिनी, पारोशीच नेऊ हिला? मॅडम काय म्हणतील?" हर्षदाने माझ्या दारात येऊन विचारलं.

"मॅडम काय सोयरीक जुळवायला बसल्यात? चल, रिक्षात बस!" मी म्हटलं आणि मीही चढले.

तेजलला उचलूनच आत नेलं. हर्षदा शरमेने म्हणाली, "सॉरी मॅडम, पाणी नव्हतं. आंघोळ नाही झाली ना, म्हणून अशी आखडलीय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आंघोळीनंतर मोकळी होते?"

"हो ना. एरवी आंघोळ घालूनच नेतो दवाखान्यात."

मॅडमनी दोन्ही गुडघे चाचपले, वाकवून पाहिले. "बरं झालं पाणी नव्हतं! हा लहान मुलांचा संधिवात वाटतोय. शरीराची राखण करणारी ताकद आपल्याच सांध्यांवर उलटते. तपासण्या करू. उशीर झालाय, पण पाय सुधारेल."

हर्षदाने तिथेच लेकीचे पटापट मुके घेतले. "ऐकलंस? तू खोटारडी नाहीस गं!"

तपासण्यांत तेच निघालं. औषधं, व्यायाम, हा आजार डोळ्यांतही उतरतो म्हणून डोळ्यांची तपासणी, सगळं सुरू झालं. महिने गेले त्यात.

परवा सकाळी चाळीत एकच आरडाओरडा! मी लाटणं घेऊनच बाहेर धावले. केस पिंजारलेली तेजल नळाकडे सुसाट पळत होती आणि दारात हर्षदा रिकामी बादली हलवत ओरडत होती,

"अहो, उठा, बघा तरी! पारोशी पळतेय माझी पोर!"