खेजडीच्या मुलखात

बालाघाटहून गोंदियाची छोटी गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेले सागाचे खुंट होते. बोटाएवढे जाड, बिनपानांचे, पण मातीत लावले की फुटणारे. समोरच्या बाईनं विचारलंही, "भैया, जलाने की लकड़ी इतनी दूर ले जा रहे हो?" मी हसलो. राजस्थानच्या वाळवंटात झाडं लावायच्या सरकारी कामावर मला नेमलं होतं, आणि तिथं मी साग उगवून दाखवणार होतो. वय एकवीस.

बाबा खिडकीशी उभे होते. "पोचला का कागद टाकजो," ते म्हणाले, "अन् कोनापुढं मान खाली घालू नको." गाडी हलली तरी मायनं खिडकीच्या गजावरचा हात काढला नाही, चार पावलं गाडीबरोबर चालत आली.

आमचं मूळ गाव राजेगावच्या बाजूला, पण बाबा बालाघाटच्या लाकडाच्या डेपोत कामाला लागले आणि आम्ही शहरात आलो. त्याआधी बैहरच्या जंगलात त्यांनी कितीतरी वर्षं कुऱ्हाड चालवली होती. छप्पन साली ते नागपूरहून दीक्षा घेऊन आले. आल्या दिवशी मला समोर बसवून म्हणाले, "मी झाडं तोडली. तू शिक." त्याच वर्षी आमचा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात गेला. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्ही, असा आमचा कारभार सुरू झाला.

शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा होता, नैसर्गिक प्रदेशांचा. विषुववृत्ताजवळ गडद हिरवा पट्टा, गवताळ प्रदेश पोपटी, वर रशियाकडे सूचिपर्णी अरण्यांचा निळसर हिरवा, आणि मध्ये पिवळी वाळवंटं. मी विचारलं होतं, "गुरुजी, इथं झाडं का नाहीत?" गुरुजी म्हणाले, "पाऊस नाही म्हणून." माझ्या डोक्यानं त्याचा सरळ अर्थ लावला. पाऊस नाही म्हणून झाड नाही, तर पाणी दिलं की झाड येणारच. हाच हिशेब घेऊन मी जोधपूरच्या पलीकडे उतरलो.

ज्या ढाणीत, म्हणजे दहा-बारा झोपड्यांच्या वस्तीत, आमचं काम होतं, तिची एकच विहीर होती आणि तिच्याकडे एक वाळूची टेकडी सरकत येत होती. उन्हाळ्यातल्या वाऱ्यानं टेकडी पुढं यायची. वाऱ्याच्या अंगाला झाडांची रांग उभी करून ती थांबवायची, एवढंच काम. कामावरचे साहेब तिकडचीच झाडं लावा म्हणत होते. मी हट्ट धरला. साग सरळ वाढतो, उंच वाढतो, पाणी उंटावरून आणू. माझा जोर बघून त्यांनी टेकडीच्या पायथ्याचा एक पट्टा मला दिला.

जुलैत खुंट लावले. पंधरा दिवसांत कोंब आले, पावसाळा सरता सरता ताटाएवढी पानं. लोक बघायला यायचे. मी घरी कार्ड टाकलं : "आपला साग इथं हिरवा झाला."

डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन सकाळी पानांवर पांढरी भुकटी दिसली. हिमदव. दुपारपर्यंत पानं उकडलेल्या भाजीसारखी लोळली. जी रोपं त्यातून वाचली त्यांना मी मार्चपासून दुप्पट पाणी घातलं. मुळाशी चिखल आणि वर पान करपलेलं, असं दृश्य मी तिथं पाहिलं. हवा इतकी कोरडी की मूळ जेवढं ओढून देईल त्याच्या दुप्पट पानातून उडून जायचं. पान जेवढं मोठं, तेवढा तोटा. मे महिन्यात पट्ट्यात एकही रोप उरलं नाही, आणि त्या महिन्यात टेकडी विहिरीच्या काठाला येऊन टेकली.

गवरी माँसा नावाची एक म्हातारी त्या विहिरीवर पाणी भरायची. माझ्या मेलेल्या रोपांकडे बघून ती म्हणाली, "थारो रूंख पाणी मांगै. म्हारो रूंख पाणी ढूंढै." तुझं झाड पाणी मागतं, आमचं झाड पाणी शोधतं. तिनं विहिरीच्या ढासळलेल्या बाजूकडे बोट केलं. तिथं एका खेजडीचं मूळ उघडं पडलं होतं. खेजडी म्हणजे आपली शमी. वर झाड माझ्यापेक्षा थोडं उंच, आणि मूळ विहिरीच्या भिंतीतून खाली खाली गेलेलं, माझी नजर पोचेना इतकं.

कामावरच्या एका जुन्या माणसानं सल्ला दिला, "रिपोर्ट में लिख दो, बकरियाँ खा गईं." माझी नोकरी कच्ची होती. मी अर्धा दिवस कोरा कागद समोर घेऊन बसलो. मग लिहिलं की झाडाची निवड चुकली, निवड माझी होती, आणि ढाणीची विहीर त्यामुळे धोक्यात आली आहे. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "ज्याची चूक, त्यानंच दुरुस्त करायची," ते म्हणाले आणि आधी मला दोन महिने शिकायला हिमालयाच्या पायथ्याशी पाठवलं.

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे. पायथ्याशी बसमधून उतरलो तर समोर साल वृक्षांचं जंगल, थेट बैहरसारखं. मला गावचा माणूस भेटल्यासारखं झालं. तिथून आम्ही पायी चढलो. साल संपला, चीड म्हणजे पाइन आला. चीड मागं पडला, बांज, म्हणजे तिकडचा ओक, आणि देवदार आले. त्याही वर भोजपत्राची वाकडी झाडं, मग एकदम झाडं बंद, नुसतं गवत, आणि पुढं दगड आणि बर्फ. सहा दिवसांच्या चढणीत मी शाळेतला तो नकाशा खालून वर चालून गेलो. थंडी वाढत जाते तशी, ढोबळमानानं, आधी रुंद पान जातं, मग सुईसारखं पान येतं, शेवटी झाडच जातं. उत्तरेकडे जाताना हजारो कोसांत जे होतं ते डोंगरावर आठवड्यात होतं. नुसता पाऊस मोजून भागत नाही. तो कधी पडतो, किती महिने दडी मारतो, हवा किती कोरडी, थंडी कुठवर उतरते, हे सगळं मिळून ठरवतं की इथं काय उभं राहील. शिकवणाऱ्यांनी अमेरिकेतल्या आणि आफ्रिकेतल्या वाळवंटी झाडांची चित्रं दाखवली. एकमेकांची ना नात्याची ना गोत्याची, पण एकाच हवेनं दोघांना जाड खोड आणि काटे दिलेले.

परत आलो आणि गवरी माँसाला म्हटलं, "आता तू सांग." वाळलेल्या झुडपांचे कुडाण आम्ही वाऱ्याला आडवे, ओळीनं रोवले. त्यांच्या आडोशाला फोग नावाचं तिकडचं झुडूप, बोर आणि खेजडी लावली. पाणी पहिल्या दोन वर्षांपुरतं, तेही मोजकं, म्हणजे मूळ खाली जायला शिकेल. ढाणीतल्या बायकांनी शेळ्या आवरल्या. चौथ्या उन्हाळ्यात टेकडी जिथल्या तिथं राहिली. विहीर वाचली. हे मी छाती पुढं करून सांगतो, कारण त्या कामात माझे हात आहेत.

दरम्यान माझं लग्न झालं, कमल वारासिवनीची. तिनं बाजरीची भाकरी आणि सांगरीची, म्हणजे खेजडीच्या शेंगांची, भाजी माझ्याआधी शिकून घेतली. सुजाता तिथंच जन्मली.

सुजाता दोन वर्षांची असताना बाबा आले, एप्रिल महिन्यात. माझ्या लक्षात आलं होतं की ते नुसते नातीला बघायला आलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना टेकडीवर नेलं. सगळीकडे रखरख, आणि खेजडीला मात्र नवी पालवी. बाबांनी एक फांदी खाली ओढली, पान बोटांत घेतलं, खूप वेळ बघितलं.

"काहून हिरवं आहे हे?" त्यांनी विचारलं. "आपला साग तं या दिवसात पान टाकून झोपते."

"याचं मूळ फार खोल आहे, बाबा."

"हौ, पन नुसतं मूळ नाही. पान पाह्य किती बारकं केलं यानं! साग पान टाकून देते. हे पान लहान करते. दोघायचं दुखनं एकच, दवा वेगळी." मला जे शिकायला दोन महिने आणि एक अख्खं रान लागलं, ते त्यांनी झाडाखाली उभ्या उभ्या सांगितलं. कुऱ्हाड चालवताना त्यांनी किती बघितलं असेल, हे मला त्या दिवशी कळलं.

जायच्या दिवशी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. बालाघाटकडच्या एका रोपवाटिकेत जागा निघाली होती, तिचा अर्ज. "तुया मायनं देल्ला. म्हने, त्याले घेऊनच ये. मी देऊन राह्यलो. भराचा का नाही, ते तू ठरव."

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी कागद माझ्या हातात ठेवला. मग म्हणाले, "घरून निघालो तवा वाटे, पोरगं कसंतरी दिवस काढून राह्यलं असन. तुले येथी पाह्यलं. तुयं काम येथी रुजलं आहे बाबू. आता उपटून नेलं तं मीच चुकलो असं होईन."

अर्ज मी भरला नाही. त्यानंतर तीन वर्षं मायनं मला पत्र लिहवलं नाही. बाबांच्या पत्राखाली नेहमी तिची एक ओळ असायची, ती गेली. ठाम निर्णय घेतला म्हणून दुखत नाही असं नाही. पण मी माझा निर्णय कोणावर ढकललाही नाही.

सुजाता पाच वर्षांची झाल्यावर उन्हाळ्यात आम्ही बालाघाटला गेलो. तिला मी मोठ्या हौसेनं बैहरच्या रस्त्यानं जंगल दाखवायला नेलं, माय बरोबर. दोन्ही बाजूंनी साल, वर छपरासारखी पालवी. पोरगी माझ्या पायाला बिलगली आणि रडायला लागली.

"काहून भेली वं माय?" आजीनं विचारलं.

"कुछ दिखता ही नहीं," सुजाता म्हणाली. "आसमान कहाँ गया?"

मी ओशाळलो. माझ्या जन्मभराच्या अभिमानाच्या जंगलात माझ्याच लेकीचा जीव कोंडत होता. पण माय हसली. माझ्याशी न बोलता तिनं नातीला कडेवर घेतलं, संध्याकाळी वैनगंगेवर घेऊन गेली. उन्हाळ्यात नदी एका काठाला सरकते, बाकी लांबच लांब वाळू. सुजातानं चपला काढून फेकल्या आणि जी धावत सुटली ती आरडत ओरडत पार पाण्यापर्यंत. माय कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"पाह्य," ती मला म्हणाली. तीन वर्षांत सरळ माझ्याशी बोललेला तिचा पहिला शब्द. "हे तुया तिकडची आहे. हिले तिकडंच ठेव. फक्त दर साली आनत जाय."

म्हणून तुम्हा सगळ्या बालाघाटकरांना लिहितो आहे, जे तिथं राहिलात त्यांना आणि माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांनाही. घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी आता अडखळत नाही. माझं घर बालाघाट, माझ्या लेकीचं घर ही ढाणी. मायच्या सांगण्याप्रमाणे दर उन्हाळ्यात आम्ही बालाघाटला जातो, आणि सुट्टी संपली की इकडे, आपल्या घरी परततो.